माथेरानची शांतता कोणाच्या पायांवर चालते?

ज्यांना ट्रेनमध्ये उभ्याने ऐकायला जमत नाही किंवा ज्यांचे इअरफोन नेमके आजच घरी राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजचा एपिसोड लिहून देतेय.

विषय आहे माथेरान. तुमच्यापैकी निम्मे जण म्हणाल, "ताई, माथेरानमध्ये कसला आलाय इतिहास? पॉइंट बघायचे, मक्याचं कणीस खायचं, चिक्की घ्यायची आणि संध्याकाळची लोकल पकडून घरी." बरोबर आहे. आपण माथेरानला जातो ते इतिहासासाठी नाही. लाल मातीचे रस्ते, धुकं, झाडं आणि गाड्यांचा आवाज नाही, हे अनुभवायला आपण जातो. तिथली रील बघा, खाली हमखास लिहिलेलं असतं, 'वाहनं नसलेलं हिल स्टेशन'.

आज मला याच ओळीबद्दल बोलायचंय. गावात वाहन नाही, हे मान्य. पण माणसं आहेत, हॉटेलं आहेत, दुकानं आहेत. गॅसचा सिलिंडर वर येतो, दूध येतं, भाजी येते, तुमची चाकं लावलेली बॅगसुद्धा येते. इंजिन नसेल, तर हे सगळं वर आणतं कोण? गेली पावणेदोनशे वर्षं या प्रश्नाचं उत्तर फारसं बदललेलं नाही. ते बदलायची वेळ आली ती अगदी अलीकडे, आणि तीही सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. कसं, ते सांगते. पण सुरुवात १८५० पासून करावी लागेल.

'शोध' म्हणजे नक्की काय?

गूगलवर शोधलंत तर पहिलं वाक्य मिळतं, माथेरानचा शोध मे १८५० मध्ये ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी लावला. हे मॅलेटसाहेब ठाण्याचे कलेक्टर. आजचा रायगड जिल्ह्याचा हा भाग तेव्हा ठाण्यात मोडायचा. डोंगराच्या पायथ्याला, खालापूरच्या बाजूला, चौक नावाचं गाव आहे. तिथे साहेबांचा मुक्काम होता. मे महिना, खाली कोकणातला उकाडा, आणि समोर हा सपाट माथ्याचा हिरवा डोंगर. साहेब वर चढून गेले, हवा आवडली, आणि पुढे त्यांनी वर घरही बांधलं. मग १८५५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले. रस्त्यांची आखणी झाली, बंगल्यांच्या जागा ठरल्या, आणि हिल स्टेशन सुरू झालं.

इथपर्यंत सगळं ठीक. पण या 'शोध' शब्दापाशी जरा थांबू या. डोंगराच्या कुशीत तेव्हाही ठाकर होते, कातकरी होते, धनगर होते. धनगरांची गुरं वर चरत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. त्यांना या रानातलं झाड न् झाड माहीत. 'माथेरान' हे नाव तरी कुठून आलं? माथ्यावरचं रान. काही जण मातेचं रान असंही सांगतात. दोन्हीपैकी कुठलंही धरा, नाव मराठी आहे आणि साहेबाच्या आधीचं आहे. ज्याला नाव असतं त्या जागेचा शोध आधीच लागलेला असतो.

आता आज नकाशावर असलेली नावं बघा. लुइझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, शार्लोट लेक, पॅनोरमा पॉइंट, वन ट्री हिल. मधूनच पिसारनाथाचं देऊळ किंवा रामबाग येते, पण नावांची बेरीज केली तर साहेब जिंकतात. याची गंमत म्हणून नोंद घ्यायची एवढंच नाही. पॉइंट म्हणजे काय? जिथे उभं राहून लांबचं बघायचं ती जागा. डोंगरावर राहणाऱ्याला त्याचं महत्त्व वेगळं असतं. त्याला झरा कुठे आहे, चारा कुठे आहे, पावसात कुठली वाट टिकते, हे माहीत असायला लागतं. त्याच जागांना फिरायला आलेल्यांनी नावं दिली, ती 'इथून काय दिसतं' या हिशोबाने. नकाशा त्यांचा असल्यामुळे तीच टिकली.

पाऊस: आपली मजा, त्यांचे चार महिने

आता हवामानाकडे येऊ, कारण माथेरानचं सगळं जगणं हवेवर चालतं.

माथेरान साधारण ८०० मीटर उंच आहे. महाबळेश्वर १३०० मीटरच्या पुढे, म्हणजे त्या मानाने हा डोंगर बुटकाच. पण त्याची जागा बघा. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून तो सुटून पश्चिमेला, कोकणाच्या सपाटीत एकटा उभा आहे. जूनमध्ये समुद्रावरून येणाऱ्या ढगांच्या वाटेत तो आधी लागतो. हवा वर ढकलली जाते, थंड होते, आणि तिथेच रिकामी होते. मुंबईत वर्षाला साधारण सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माथेरानला पाच हजारांच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

एवढा पाऊस पडतो म्हटल्यावर पाण्याची चंगळ असेल, असं वाटेल. इथे डोंगराचा दगड आडवा येतो. माथ्यावर जांभा आहे, तोच तो लाल, भोकं-भोकं असलेला दगड, ज्याचे चिरे कोकणातल्या घरांना वापरतात. जांभा पाणी धरून ठेवत नाही. पाणी त्यातून झिरपतं, खालच्या काळ्या कातळाला अडतं, आणि डोंगराच्या कडेला झऱ्यांच्या रूपात बाहेर पडतं. दिवाळीपर्यंत झरे वाहते, मग एकेक करून बारीक होत जातात. म्हणजे गंमत बघा. एप्रिल-मेमध्ये जेव्हा गावात सगळ्यात जास्त माणसं येतात, तेव्हाच पाणी सगळ्यात कमी असतं. म्हणून शार्लोट लेक महत्त्वाचं. आपण तिथे फोटो काढतो, पण गावाच्या दृष्टीने तो आधी पाण्याचा साठा आहे.

आणि पावसाळ्यात? इंग्रजांच्या काळात साहेबलोक एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन हंगामांत येत आणि पाऊस सुरू व्हायच्या आत उतरून जात. बंगल्यांना कुलपं लागत. मागे राहायचे ते माळी, राखणदार, घोडेवाले, दुकानदार आणि त्यांची घरं. चार महिने भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, माचिस पेटत नाही, आणि कमाई जवळजवळ शून्य. आठ महिन्यांत मिळवायचं आणि चार महिने त्यावर काढायचे. आता वर्षासहलीची लाट आलीय, त्यामुळे पावसातही गर्दी असते, विशेषतः शनिवार-रविवारी. तरी मिनी ट्रेनचा नेरळपासूनचा मुख्य मार्ग आजही पावसाळ्यात बंद ठेवतात, कारण दरड कधी येईल सांगता येत नाही.

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर विसरणार नाहीत. त्या पावसात माथेरानच्या रेल्वेचा मार्ग जागोजागी वाहून गेला आणि गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच, आणि नेरळहून गाडी सुटायला थेट ऑक्टोबर २०२२ ची वाट बघावी लागली.

पण रूळ पुन्हा टाकता येतात. माथेरानच्या शेजारी इर्शाळगड आहे, पॉइंटवरून तो दिसतोही. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या अंगावरची इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, आणि पन्नासहून जास्त माणसं सापडलीच नाहीत. शोध थांबवावा लागला. बाहेरून मदत घेऊन येणाऱ्यांना वर जायला गाडीरस्ता नव्हता, पावसात पायवाट चढून जावं लागलं. आपण ज्याला 'मस्त वातावरण' म्हणतो, तेच वातावरण त्याच डोंगररांगेत राहणाऱ्यांना असंही भेटतं. पावसात जायचं नाही, असं मी म्हणत नाहीये. मीही जाते. फक्त ढग दोघांचे एकच आहेत, एवढं लक्षात असू द्या.

डोली, तट्टू आणि झुकझुक गाडी

परत १८५० च्या दशकात जाऊ. हिल स्टेशन तर झालं, पण वर जायचं कसं? १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, आणि दोन-तीन वर्षांत रूळ नेरळच्या पुढे गेले. म्हणजे मुंबईचा माणूस नेरळपर्यंत आरामात येऊ लागला. पुढे सात मैलांचा चढ. ज्याला जमेल तो चालत, ज्याला परवडेल तो तट्टावर, आणि ज्याला त्याहून जास्त परवडेल तो पालखीत किंवा खुर्चीत, माणसांच्या खांद्यावर. सामान हमालांच्या डोक्यावर. हवा खायला निघालेल्या एका माणसाच्या मागे घामाने भिजलेली चार-सहा माणसं, असा तो हिशोब होता.

साहेबांच्या मागोमाग मुंबईचे श्रीमंत पारशी, बोहरी, गुजराती व्यापारी आले. त्यांतलंच एक घराणं म्हणजे पीरभॉय. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतलं बडं प्रस्थ. त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, माथेरानला रेल्वे न्यायचं मनावर घेतलं. काम १९०४ मध्ये सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली, आणि खर्च आला सोळा लाख रुपये. तेव्हाचे सोळा लाख!

या रेल्वेचं तंत्र ऐकण्यासारखं आहे. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. मार्ग साधारण २१ किलोमीटरचा. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. आपण बोरघाटातून पुण्याला जातो तो चढ सदतीसास एक, आणि तिथेही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. इथे तर डोंगर चढताना वळणं इतकी आवळलेली की साधं इंजिन वळणारच नाही. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीकडून चार खास वाफेची इंजिनं मागवली. त्यांचा पुढचा आणि मागचा आस वळणावर थोडा सरकू शकायचा, त्यामुळे छोट्या वळणातही चाकं रुळाला धरून राहायची. आजही नेरळहून जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज करत वर पोचायला दोन तासांहून जास्त लागतात.

पीरभॉयांनी बांधली, असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. पैसा आणि जिद्द त्यांची. पण तो कातळ फोडणाऱ्या, खडी वाहणाऱ्या हातांची नावं आपण घेत नाही. आणि गाडी आली म्हणून डोंगरावरची पायपीट संपली नाही. गाडी माणसाला स्टेशनवर सोडते. स्टेशनपासून बंगल्यापर्यंत आणि बंगल्यापासून पॉइंटपर्यंत तेच तट्टू, तेच हमाल, आणि पुढे हातरिक्षा. एक माणूस पुढे दांडा धरून ओढतो, एक-दोघं मागून ढकलतात, आणि उताराला तेच मागचे लोक रिक्षा रोखून धरतात. पायाखाली लाल माती आणि दगड, पावसात त्याचाच चिखल.

माथेरानचा स्वतःचा माणूस

आता एक नाव सांगते. माथेरानला जाऊन आलेल्या किती जणांना ते आठवतं, हे खाली कमेंटमध्ये प्रामाणिकपणे लिहा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल.

जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानमध्येच, नाभिक कुटुंबात. म्हणजे हिल स्टेशनच्या दोन बाजूंपैकी बंगल्याच्या बाजूला नाही, काम करणाऱ्यांच्या बाजूला. मुलगा शिकला, वकील झाला. त्या काळात त्या घरातून वकील होणं ही किती मोठी उडी आहे, याचा अंदाज करा. वकिली करून मुंबईत सुखाने राहता आलं असतं. हा माणूस परत आला. माथेरानच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. आणि डोंगराखालच्या गावांमध्ये, कर्जत-नेरळच्या पट्ट्यात, त्याने दोन कामं धरली: शाळा आणि धान्य कोठ्या.

धान्य कोठी म्हणजे काय? पावसाळा आठवा. आदिवासी आणि गरीब शेतकरी यांच्या घरातलं धान्य ऐन पावसाळ्यात संपतं. मग सावकाराकडून उसनं घ्यायचं, आणि पीक आलं की दीडपट-दुपटीने परत करायचं. एकदा या चक्रात अडकलं की जमीन जाते. धान्य कोठीत गावानेच धान्य साठवायचं आणि गरजेच्या वेळी गावातल्याच माणसाला द्यायचं. साधी कल्पना आहे, पण ती सुचायला हा पाऊस आणि ही भूक जवळून बघितलेली असावी लागते. माझ्या मते कोतवालांचं राजकारण तिथूनच सुरू होतं.

१९४२ च्या चलेजाव आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. कारखान्यांना आणि रेल्वेला वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडायचे, म्हणजे मुंबईचं युद्धाचं उत्पादन अडखळेल, असा त्यांचा बेत होता आणि त्यांनी तो अमलातही आणला. सरकारने बक्षीस लावलं. डोंगराच्या वाटा, वाड्या, रानातले आडोसे, हे सगळं माहीत असलेली माणसंच असं काम करू शकतात. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. कोतवाल फक्त तीस वर्षांचे होते. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर आजही माणसं जमतात.

नकाशावर ज्यांची नावं आहेत ते इथे हवापालटाला आले होते. कोतवाल इथे जन्मले होते. तुम्ही पुढच्या वेळी पॉइंटची यादी घेऊन निघाल, तेव्हा त्या यादीच्या शेजारी हे एक नाव लिहून ठेवा.

इंजिन नको, मग पाय कोणाचे?

स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक हिल स्टेशनांवर गाड्या पोचल्या आणि मग पार्किंगही पोचलं. माथेरान वाचलं. नेरळहून डांबरी रस्ता वर आला, पण तो दस्तुरी नाक्यावर थांबला. तिथून बाजार साधारण अडीच-तीन किलोमीटर. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि आजूबाजूचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा पट्टा 'इको-सेन्सिटिव्ह झोन' म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर मोटारवाहनाला बंदी. त्यामुळे झाडं टिकली, शेकरू टिकलं, शांतता टिकली. ही गोष्ट चांगलीच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण या बंदीची किंमत कोण भरतं, हे बघा. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साडेचार हजारांच्याही आत होती. या लोकांना शाळा, बाजार, दवाखाना, सगळ्यासाठी तीच लाल वाट. गॅस सिलिंडर, पिठाची पोती, सिमेंट, सगळं घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर डोक्यावर. खालच्या वाड्यांमधून, धोदाणीसारख्या गावांमधून, माणसं पायवाटेने चढून वर येतात आणि संध्याकाळी उतरतात. उन्हाळ्यात जांभळं-करवंदं विकायला बसलेल्या बायका दिसतात ना, त्यांतल्या कित्येक जणी पहाटे डोंगर चढून आलेल्या असतात. आपला ट्रेक म्हणजे त्यांचा रोजचा कामाला जायचा रस्ता.

आणि हातरिक्षा. परवाने ९४. ओढणाऱ्यांचं वय वाढत गेलं, गुडघे आणि फुप्फुसं थकली, तरी दुसरं साधन नाही. बॅटरीवर चालणारी ई-रिक्षा हवी, ही मागणी बाहेरच्या कुणी केलेली नाही, ती हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच केली. 'आम्हाला या कामातून सोडवा, पण रोजगार काढून घेऊ नका,' असं त्यांचं साधं म्हणणं. ई-रिक्षासुद्धा मोटारवाहनच, म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. शाळेतली मुलं, म्हातारी माणसं त्यात बसू लागली.

विरोध झालाच. घोडेवाल्यांना धंद्याची भीती वाटली, आणि ती खोटी नव्हती. गावात साडेचारशेच्या आसपास घोडे, आणि प्रत्येक घोड्यामागे एक घर. पर्यावरणवाल्यांना वाटलं, आज बॅटरी आली, उद्या डिझेल येईल. रिक्षासाठी रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे, तर घोडे घसरतात आणि माथेरानचा लाल रस्ता जातो. न बसवायचे, तर पाऊस दरवर्षी माती धुऊन नेतो. प्रत्येक बाजूला थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा वाद इतकी वर्षं चालला.

६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणं हे संविधानातल्या प्रतिष्ठेच्या हक्काशी बसत नाही, म्हणून माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा. राज्य सरकारने ई-रिक्षा घेऊन खऱ्या हातरिक्षा चालकांना चालवायला द्याव्यात, उरलेल्या आदिवासी महिला आणि इतरांना, आणि त्यासाठी गुजरातमधल्या केवडियाचं उदाहरण बघावं. पैसे नाहीत, ही सबब चालणार नाही. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच. आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाही.

एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोर्टाने 'निसर्ग की माणूस' असा प्रश्न मांडला नाही. मुख्य रस्ता वापरायचा, आतलं रान तसंच ठेवायचं, आणि ज्याने इतकी वर्षं ओढलं त्याच्याच हातात नवं हँडल द्यायचं. पण निकाल कागदावर असतो. परवाना खरंच ओढणाऱ्याच्या नावावर झाला का, की मधल्याच कुणाच्या, आणि घोडेवाल्यांच्या घरांचं काय, हे बघत राहायला लागेल. आणि ते फक्त कोर्टाचं काम नाही.

पुढच्या वेळी जाल तेव्हा

एपिसोड संपवता संपवता तीन गोष्टी सांगते. उपदेश नाही, ट्रिपची तयारी समजा.

एक, भाव आधी विचारा, पण ठरलेल्या भावात घासाघीस करू नका. घोडा असो, हमाल असो, रिक्षा असो, त्या माणसाला आठ महिन्यांत वर्ष काढायचं असतं.

दोन, प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं खाली परत आणा. वर नेलेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी वाहून नेलेली असते आणि कचरा झाल्यावर तोही कुणालातरीच वाहावा लागतो. तिथे कचऱ्याची मोटार येत नाही.

तीन, पावसात जाणार असाल तर कड्याच्या टोकावर सेल्फी नको, आणि दरडीची सूचना असेल तर बेत पुढे ढकला. तुम्हाला शोधायला पहिल्यांदा रानात उतरतात ती जवळच्या वाडीतली माणसंच, त्याच पावसात.

माथेरानची शांतता जपायलाच हवी. फक्त ती शांतता आपोआप तयार झालेली नाही. पावणेदोनशे वर्षं कुणीतरी इंजिनाच्या जागी स्वतःचे पाय वापरतंय, म्हणून ती टिकली. आता त्या पायांना विसावा मिळायची वेळ आलीय.

तुमच्या आजी-आजोबांकडे जुन्या माथेरानच्या आठवणी असतील, वाफेच्या गाडीच्या, डोलीच्या, पावसाळ्यात बंद पडलेल्या गावाच्या, तर त्यांच्या आवाजात व्हॉइस नोट पाठवा. निवडक आठवणी पुढच्या भागात ऐकवेन. आणि हो, भाई कोतवालांचं नाव आधी माहीत होतं का, तेही कळवा. भेटूच!